कोरी काठी

बाबांना गिऱ्हाइकाच्या स्टुलावर कुणी बसवलं, यावर त्या रविवारी बराच वेळ वाद चालला. दादा म्हणाला बेबीने, बेबी म्हणाली आईने, आणि आई म्हणाली, "तेवढं एकच रिकामं होतं. बाकी सगळीकडे तुमचा पसारा." कुणी का बसवेना, पण मासे धरायच्या काठ्या बनवणाऱ्या या कारखान्यात उभं आयुष्य जो माणूस लांबलचक टेबलाच्या आतल्या बाजूला उभा राहिला, तो आज पहिल्यांदाच बाहेरच्या बाजूला बसला होता. वहिनीला ते बघवत नव्हतं.

वहिनी म्हणजे या घरातली थोरली सून, दादाची बायको. लग्न होऊन आली तेव्हा गळ काठीच्या कुठल्या टोकाला असतो हेही तिला ठाऊक नव्हतं. बाबांनी तिला कारखान्यात खाली आणलं, हातात रिळभर रेशमी दोरा दिला आणि काठीवर दोर ओवायच्या कड्या बांधायला शिकवलं. दोरा इतका घट्ट आणि इतका सारखा गुंडाळायचा, की वरून बोट फिरवलं तर जोड कुठे आहे ते कळू नये. आता त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत. निदान मागच्या हिवाळ्यापर्यंत सांगत असत.

मागच्या हिवाळ्यात नदीवर उभे असतानाच त्यांना झटका आला. पडले ते काठीवरच पडले. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली आणि काठीचे दोन तुकडे झाले. पाय हळूहळू परत आले. बोलणंही आलं, फक्त शब्दाशब्दांत दम घ्यावा लागे. उजव्या हाताची बोटं मात्र अर्धवट मिटलेलीच राहिली, जणू काहीतरी धरलंय आणि ते सोडायचं राहून गेलंय.

तेव्हापासून घरात एक विचित्र गोष्ट झाली होती. सगळे बाबांची काळजी डोळ्यांत तेल घालून घ्यायचे, पण त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. कारखाना दादा बघत होता, औषधं बेबी बघत होती, आणि बाबा खिडकीतून गल्ली बघत होते. म्हणूनच परवा सकाळी चहाचा कप खाली ठेवून ते जेव्हा म्हणाले, "मला... काठी पाहिजे," तेव्हा आईच्या हातातली किटली तशीच हवेत राहिली. दादाने त्याच दिवशी बेबीला आणि परगावच्या धाकट्या भावाला फोन केले.

आणि आता सगळे जमले होते, भांडायला.

"यात निवडायचं काय आहे?" दादाने भिंतीच्या घोडीवरून एक कोरी काठी उचलून टेबलावर ठेवली. काळीभोर, ताठ, तलवारीसारखी. "तुटली तिची जुळी बहीण. तीच कंपनी, तीच लांबी, तोच ताठपणा. डोळे मिटून हातात दिली तरी बाबा ओळखतील."

कोरी काठी म्हणजे नुसता दांडा. तिला मूठ नसते, कड्या नसतात, रीळ बसवायची जागा नसते. कॅटलॉगमध्ये तिला ब्लँक म्हणतात. गिऱ्हाइकं मुठीचं बूच आणि दोऱ्याचे रंग निवडण्यात तास घालवतात, पण तो सगळा साज नंतर बदलता येतो. कोरी काठी चुकली, की सगळंच चुकलं. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, कपडे मागून ठरवा, अंगकाठी आधी बघा.

"ओळखतील रे," धाकटा म्हणाला, "पण फेकणार कशाने?"

धाकटा कारखाना सोडून दुसऱ्या गावी एका मोठ्या दुकानात काठ्या विकायला लागला, त्याला बरीच वर्षं झाली होती. त्या दिवसापासून दोघं भाऊ एकमेकांना पाण्यात पाहत. मासे पकडणाऱ्यांच्या घरात हे व्हायचंच, असं बेबी म्हणे. आज धाकट्याने कापडात गुंडाळून आपली भेट आणली होती. त्याने ती उलगडली, तेव्हा वहिनीसुद्धा क्षणभर बघत राहिली. राखाडी कार्बनची काठी, शेंड्याला गवताच्या काडीएवढी बारीक.

"धरून बघा वहिनी. हातात आहे असं वाटणारच नाही. बाबांना आता वजन नको."

"आणि बारा किलोचा मासा लागला म्हणजे?" दादा म्हणाला. "काडीने दात कोरायचे?"

"बारा किलोचा मासा!" बेबी इतका वेळ दाराला टेकून उभी होती. इस्पितळात नर्स म्हणून काम करून करून तिच्या आवाजाला एक धार आली होती. "अरे, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? मुळात नदीवर पाठवायचंच कशाला? पाय घसरला तर धरणार कोण, तुझी ती जुळी बहीण? मी दिलेला साधा रबरी बॉल ते दाबत नाहीत. कुठे टाकलाय तो, तेही सांगत नाहीत. आणि निघालेत काठी बांधायला."

"डॉक्टर म्हणाले बाहेर न्या."

"बाहेर म्हणजे बागेत, दादा."

"बाबा बागेत बसून करणार काय? फुलं मोजणार?"

"काही झालं तरी ही ताठ काठी चालणार नाही," धाकटा म्हणाला.

"तू चालवून दाखव ना कारखाना, मग सांग काय चालतं ते!"

आवाज चढत गेले. आई कपबश्या गोळा करायला लागली. भांडण रंगलं की ती नेहमी हेच करी. वहिनीने बाबांकडे पाहिलं. ते भांडणाऱ्यांकडे बघतच नव्हते. टेबलावरच्या दोन काठ्यांकडे बघत होते, आधी एकीच्या शेंड्याकडे, मग दुसरीच्या. दुकानात शिरलेलं खरं गिऱ्हाईक असंच बघतं. आणि तिच्या एकदम लक्षात आलं, की सकाळपासून तिघांपैकी एकानेही गिऱ्हाइकाला विचारतात ते विचारलेलं नाही.

सासऱ्यांच्या समोर, नवऱ्याच्या आणि दिरा-नणंदेच्या भांडणात ती कधी पडत नसे. पण ती टेबलाला वळसा घालून आत गेली, मोजपट्टी गळ्यात टाकली, आणि नव्या गिऱ्हाइकाशी बोलते त्याच आवाजात म्हणाली,

"बोला. कुठलं पाणी?"

बाबांनी मान वर केली. त्यांची उजवी भुवई अजून नीट उचलत नसे. डावी मात्र पार कपाळावर गेली.

"तळं," ते म्हणाले.

"तळं?" दादा पुढे आला. "बाबा, तुम्ही तर तळ्याला डबकं म्हणता."

"नदीला... ओढ आहे." बाबांनी दम घेतला. "मला अजून... ओढ झेपत नाही."

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की बेबीने दाराची चौकट सोडली. जो माणूस ताप आला तरी कपाळाला हात लावू देत नसे, तो हे सांगत होता. आणि हवा कशी आहे ते सांगावं, तसं सांगत होता.

"मासा कुठला?" वहिनीने विचारलं.

"लागेल... तो."

"उभ्याने की बसून?"

"उभा." यावर मात्र त्यांनी बेबीकडे रोखून पाहिलं.

"आणि हात कुठला?"

विचारलं आणि वहिनीने जीभ चावली. हा प्रश्न रोजच्या सवयीने आला होता, त्याला थांबवायचं तिच्या लक्षातच आलं नाही.

"डावा," बाबा म्हणाले.

"डावा?" दादा जवळजवळ ओरडलाच. "बाबा, तुम्ही आयुष्यात डाव्या हाताने चमचा तरी धरलाय का?"

"चमचा नाही," आई कपबश्यांमधूनच म्हणाली. "झाडूचा दांडा."

आता सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या. आईने ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि चोरी पकडली गेल्यासारखी नाही, तर उलट जरा ऐटीतच उभी राहिली.

"दुपारी तुझं मशीन सुरू असतं, बेबी कामावर असते. आम्ही मागच्या अंगणात जातो. झाडूच्या दांड्याला दोरी, दोरीला बूच. मी समोर बादली घेऊन उभी राहते. सुरुवातीला सगळं छपरावर जायचं. मग माझ्या अंगावर यायला लागलं. आता बादलीत जातं." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "कधीकधी."

"आठात... तीनदा," बाबांनी दुरुस्ती केली.

"आई, आणि तू आम्हाला बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

वहिनीला हसू आलं. मागच्या अंगणात सुकत घातलेल्या चादरींवर मध्यंतरी काळे ठिपके पडत होते. ती पाखरांना बोल लावत होती, आणि ते होतं मातीत पडलेलं बूच. आणि इथे हा माणूस, ज्याच्या हातच्या काठ्या मागायला परगावाहून लोक येत, तो भर उन्हात झाडूचा दांडा घेऊन पहिलीच्या पोरासारखा गिरवत बसला होता. तेही कुणाला पत्ता लागू न देता.

"आणा इकडे," बाबांनी डावा हात पुढे केला.

दादाने आधी आपली काठी दिली. बाबांनी ती आडवी धरली, एक झटका दिला आणि शेंडा किती वेळ थरथरतो ते बघत राहिले. तीच ती जुनी नजर. वहिनीला वाटलं, हात गेला असेल, पण ही नजर ज्या जागी असते त्या जागेला झटका शिवलासुद्धा नाही.

"ही... मनगट मागते," ते म्हणाले. "माझ्याकडे मनगट नाही."

धाकट्याने घाईने आपली काठी पुढे केली. बाबांनी ती दोनदा हलवली, डोळे मिटून तिसऱ्यांदा हलवली.

"सुंदर आहे. पण... आहे की नाही तेच कळत नाही. या हाताला अजून... समजत नाही हळू बोललेलं."

धाकट्याचा चेहरा पडला. वहिनीने कोपऱ्यातल्या घोडीवरून फायबरची एक आखूड, मऊ काठी काढली. नवशिक्यांना ते नेहमी हीच देत. बाबांनी ती हातात घेतली आणि हसले. अर्ध्या तोंडाने हसले, पण मनापासून.

"सूनबाई, ही शिकणाऱ्याची. मला... सगळं येतं." त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे बोट करायला उजवा उचलायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, तेव्हा हनुवटीनेच दाखवलं. "याला येत नाही."

मग ते उठले. बेबी धावली, त्यांनी तिला मानेनेच थांबवलं. टेबलाला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "लांब पाहिजे. दोन्ही हातांची."

कुणाला काही कळेना. आजारी माणसाला आखूड द्यायची, हलकी द्यायची, इतकं तर सगळ्यांनीच धरून ठेवलं होतं. बाबांनी दादाची ताठ काठी पुन्हा उचलली आणि उभी धरली. डावा हात वर. तिचा बुंधा उजव्या हाताच्या मिटलेल्या बोटांत आणि पोटाच्या मध्ये खोवला.

"उजवा... मेलेला नाही. धरत नाही. पण टेकू देतो." त्यांनी डाव्या हाताने काठी पुढे ढकलली. बुंधा उजव्या हातात किंचित फिरला आणि खांदाही मागे सरकला. "मागचा हात टेकू. पुढचा ढकलेल. काठी... लांब आणि संथ असेल, तर बाकीचं ती करेल. शेंड्यालाच वाकणारी नको. पोटातून... वाकणारी हवी."

"पुन्हा करा," बेबी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

त्यांनी पुन्हा केलं.

"खांदा हलतोय. बाबा, तुमचा खांदा हलतोय! आणि इतके दिवस मी डोकं फोडून सांगतेय, तो बॉल दाबा, बॉल दाबा—"

"बॉल दाबून... मासा येत नाही," बाबा म्हणाले, आणि आई खळखळून हसली.

बेबी दोन पावलं पुढे आली आणि टेबलाच्या आत, वहिनीच्या शेजारी उभी राहिली. "तळ्यावर मी नेईन," ती म्हणाली. "पाण्यापासून चार हात लांब उभं राहायचं. कबूल?"

"दोन."

"तीन."

"अशी काठी आपल्याकडे कुठाय पण?" दादा पुटपुटला. "लांब आहेत त्या सगळ्या ताठ."

धाकटा घुटमळला. "गाडीत एक आहे. समुद्रकिनाऱ्यावरून फेकायची. मवाळ आहे म्हणून कुणी घेत नाही. तुला दाखवली असती तर तू हसला असतास, म्हणून आत आणलीच नाही."

"आण."

ती दारातून सरळ येईना. धाकट्याने मागून ढकलली, दादाने पुढून धरली, शेवटी खिडकीचा एक पल्ला उघडून आत घेतली. गडद हिरवी, बुंध्याला अंगठ्याएवढी जाड. दादाने मनात नसताना ती डोळ्यांशी धरून सरळ आहे का पाहिलं. हाताची सवय कुठे जाते! मग शेंडा टेबलाच्या कडेवर टेकवला, बुंधा तळहातावर घेतला आणि मधोमध बोटाने दाबून फिरवली. प्रत्येक कोऱ्या काठीच्या अंगात एक बाजू जास्त घट्ट असते. तिला ते कणा म्हणत. दाबून फिरवली की काठी आपणच एका जागी येऊन बसते, आणि कड्या त्या अंदाजाने बांधायच्या. ही दोनदा फिरली आणि पलंगावर कूस बदलून झोपावं तशी अलगद बसली.

"इथे," दादा म्हणाला.

"जरा अलीकडे," धाकटा म्हणाला.

दोघांनी पुन्हा फिरवली. डोकी एकमेकांना लागायचीच बाकी होती. शेंड्याला शिसं टांगून दादाने बुंधा उचलला, तशी काठी शेंड्यापासून वाकायला लागली, आणि ते वाकणं हळूहळू चालत चालत पोटापर्यंत आलं.

"काय वाकतेय रे!" दादाच्या तोंडून गेलं. मग एकदम त्याने काठी खाली ठेवली.

"नाही. ही मी नाही बांधणार."

"आता काय झालं?" बेबी चिडली.

दादा बाबांकडे न बघता बोलला. "ही बांधली म्हणजे तुमचा उजवा हात परत येणार नाही, असं मी लिहून दिल्यासारखं होईल. तुम्ही पूर्वीसारखे उभे राहणार. मला ते बघायचंय. मी ही नाही बांधणार."

तेव्हा वहिनीला आपल्या नवऱ्याच्या त्या जुळ्या बहिणीच्या हट्टाचा अर्थ कळला. ती काठी त्याने बाबांसाठी निवडलीच नव्हती. मागचा हिवाळा झालाच नाही असं म्हणायची ती त्याची रीत होती.

बाबांनी ती हिरवी काठी आपल्याकडे ओढली. मग म्हणाले, "आधी... फेकून तर बघू."

चिकटपट्टीने कड्या तात्पुरत्या चिकटवल्या, रीळ बांधलं, गळाऐवजी शिशाचा गोळा लावला. सगळी मिरवणूक गल्लीत आली. बाबांनी पाय रोवले. डावा हात वर, उजवा खाली, पोटाशी. काठी मागे गेली, वाकली, आणि गोळा थेट समोरच्या शिंप्याच्या पत्र्यावर जाऊन धाडकन आदळला.

शिंपी मोजपट्टीसकट बाहेर आला. "काका, माझ्याकडे मासे नाहीत हो!" मग त्याने काठी कुणाच्या हातात आहे ते पाहिलं. तो पायऱ्या उतरला, पत्र्यात अडकलेला दोर सोडवून दिला आणि दुकानाचं दार ओढून घेऊन स्वतः बाहेरच उभा राहिला.

दुसरी फेक पायाशीच पडली. आई म्हणाली, "बादली आणू का?" पण कुणी हसलं नाही. बाबांच्या कपाळावर घाम आला होता. बेबी त्यांच्या मागे एका हाताच्या अंतरावर उभी होती, हात पुढे करून, पण न लावता.

तिसऱ्या वेळी ते घाई न करता थांबले. काठी मागे नेली आणि तिचं वाकणं पोटापर्यंत उतरू दिलं. वहिनीने ते वाकणं पाहिलं, आणि पाहतानाच तिला कळलं, ही जाणार. डावा हात सरळ पुढे गेला, बुंधा उजव्या हातात फिरला, आणि गोळा गल्लीच्या मधोमध, खांबांच्या रांगेवरून, सुं करत पार टोकाच्या भिंतीपाशी जाऊन टपकला. दोर हवेतून सावकाश खाली आला.

शिंप्याने टाळी वाजवली. धाकट्याने नाक ओढलं आणि दुसरीकडे बघितलं. बाबांनी एवढंच म्हटलं, "हं. हीच." आणि आईने पायरीवर सरकवलेल्या चटईवर बसले. धाप लागली होती, पण चेहरा असा होता, की वहिनीला तो या घरात आल्या दिवसापासून ओळखीचा होता: एखादी काठी पहिल्यांदा बरोबर वाकली की होतो तो.

"माप घे," ते दादाला म्हणाले.

दादा जागचा हलला नाही. वहिनी मोजपट्टी घेऊन पुढे होणार, तेवढ्यात बाबांनी पुन्हा सांगितलं, "तू घे."

झटका आल्यापासून दादा बाबांना रोज जिना उतरवायचा, पण डाव्या बाजूने. पाण्याचा पेला डावीकडे ठेवायचा, सदऱ्याची डावी बाही तो घालायचा आणि उजवी आईवर सोडायचा. त्या हाताला तो एकदाही शिवला नव्हता. हे वहिनीला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. म्हणूनच तिने मोजपट्टी पुढे केली ती मान खाली घालून.

दादा गुडघ्यावर बसला. काठीचा बुंधा बाबांच्या पोटाशी टेकवला. मग दोन्ही हातांनी त्याने उजवा हात उचलला. तो त्याला वाटला होता त्यापेक्षा गरम होता. एकेक बोट उलगडून त्याने बुंध्याभोवती ठेवलं, आणि ती बोटं बुंध्यावरून सुटत नाहीत ना, हे बघत बराच वेळ वरून आपली मूठ धरून ठेवली. पट्टी लावायचं तो विसरूनच गेला.

"बोटं इथवरच येतात," अखेर तो म्हणाला. "मूठ केवढी करू?"

"आत्ता जाड कर. जाड असली की... सुटत नाही."

"आणि पुढे?"

बाबांनी त्याच्या हातातल्या आपल्या हाताकडे पाहिलं. अंगठा कळेल न कळेल इतका आत वळला.

"पुढे हात मिटत गेला," ते म्हणाले, "की बूच... तासत जाऊ."